क्षणभर टिकणाऱ्या केंद्रकाचे वस्तुमान

प्रश्न : मा. संपादक, सप्रेम नमस्कार. मागील अंकातील विज्ञानवार्तेत असे वाचले की, आर्सेनिक-६५ या केंद्रकाचे अर्धायुष्य सेकंदाच्या जेमतेम आठव्या भागाएवढे असूनही चीनमध्ये त्याचे वस्तुमान मोजले गेले आहे. आम्ही कापूस पिकवणारी माणसे. जिनिंगच्या काट्यावर बंडी चढवली की आकडा स्थिर व्हायलाच दोन-चार सेकंद जातात. जी वस्तू तेवढाही वेळ टिकत नाही, जी दिसत नाही, जिला हात लावता येत नाही, तिचे वजन करतात तरी कसे? आणि एवढा खटाटोप करून हाती काय लागते?
– एक शेतकरी वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसरा मी आधी घेतो, कारण हाती काय लागते हे कळले की खटाटोप एवढा मोठा का, तेही कळते. त्याआधी एक खुलासा केला पाहिजे. येथे मोजतात ते वजन नव्हे, वस्तुमान. पृथ्वीच्या ओढीचा या मोजणीत काहीच वाटा नसतो.

आपण बंडीचा दाखला दिला आहे, तोच पुढे नेतो. काट्यावर आधी भरलेली बंडी मोजतात, कापूस खाली केल्यावर रिकामी बंडी मोजतात, आणि दोन्हींच्या वजाबाकीतून कापसाचे वजन निघते. आता असे समजा की काट्यावर दहा टनांचा ट्रक उभा आहे आणि त्यातला कापूस फक्त पंधरा ग्रॅम, म्हणजे तीन-चार बोंडांतून निघेल एवढाच आहे. ट्रकचे वजन एखाद्या किलोने चुकले, तर ट्रकमालकाचे काहीच बिघडत नाही; कापसाचा हिशेब मात्र पार कोलमडतो. अणुकेंद्रकांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण आहे. हवी असते ती दोन मोठ्या वस्तुमानांमधली बारीकशी तफावत, आणि ती तफावत पकडण्यासाठी मोठी वस्तुमाने दहा लाखांत एक भाग, कधी कधी एक कोटीत एक भाग इतकी काटेकोर मोजावी लागतात.

ही तफावत एवढी मोलाची का, हे हीलियमच्या उदाहरणातून चांगले कळते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळून हीलियमचे केंद्रक होते, तेव्हा त्याचे वस्तुमान या चौघांच्या सुट्या बेरजेपेक्षा सुमारे पाऊण टक्क्याने कमी भरते. जी घट आली ती ऊर्जा होऊन बाहेर गेलेली असते, आणि तेवढी ऊर्जा परत भरल्याशिवाय ते केंद्रक सुटे होत नाही; म्हणून तिला बंधनऊर्जा म्हणतात. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ पासून केंब्रिजमध्ये अणूंची वस्तुमाने बारकाईने मोजायला घेतली. हायड्रोजनचे चार अणू हीलियमच्या एका अणूपेक्षा जड भरतात हे त्यातून दिसले, आणि त्याच आधारावर आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्ये सूर्य आपली ऊर्जा कोठून आणत असावा याचा अंदाज मांडला. पृथ्वीवरच्या सगळ्या पिकांना पोसणाऱ्या सूर्याचा हिशेब प्रथम लागला तो अशा एका वजाबाकीतून, आणि मला ही गोष्ट आजही विलक्षण वाटते.

आर्सेनिक-६५ चे प्रकरणही वजाबाकीचेच आहे. (नावापुढचा ६५ हा त्या केंद्रकातल्या प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचा एकूण आकडा.) काही न्यूट्रॉन तारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे मागे उरलेले अतिशय घट्ट गाभे, आपल्या जोडीच्या ताऱ्याकडून हायड्रोजन आणि हीलियम ओढून घेतात. हा थर पृष्ठभागावर साचत जातो आणि पुरेसा साचला की भडकतो. मग काही सेकंदांपासून एक-दोन मिनिटांपर्यंत क्ष-किरणांचा लोळ उठतो. त्या भडक्यात केंद्रके एकामागून एक प्रोटॉन सामावून घेत जड होत जातात. जर्मेनियम-६४ पाशी मात्र ही वाटचाल अडते. त्याचे स्वतःचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके बदलून जायला लागणारा वेळ, सुमारे ६४ सेकंद आहे; तेव्हा ते आपणहून बदलण्याची वाट पाहायची तर तोवर भडकाच विझत आलेला असतो. दुसरा मार्ग असा की त्याने एक प्रोटॉन घेऊन आर्सेनिक-६५ व्हावे आणि ते मोडण्याआधी लगेच आणखी एक प्रोटॉन घेऊन सेलेनियम-६६ व्हावे. पावसाळ्यात नाला ओलांडताना मधल्या निसरड्या दगडावर उभे राहता येत नाही, पण त्यावर पाय टेकवून पुढच्या दगडावर उडी घेता येते, तसाच हा प्रकार आहे. दगड किती निसरडा, हे ठरते एका वजाबाकीवर : जर्मेनियम-६४ आणि प्रोटॉन यांच्या वस्तुमानांची बेरीज, वजा आर्सेनिक-६५ चे वस्तुमान.

चीनमधील लान्झोउ येथील इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न फिजिक्सच्या साठवण-कड्यात, म्हणजे केंद्रकांना चुंबकांनी गोल फिरवत ठेवणाऱ्या यंत्रात, २०११ मध्ये हे मोजले गेले, तेव्हा आर्सेनिक-६५ हे त्या बेरजेपेक्षा सुमारे ९० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टने जड निघाले. (इलेक्ट्रॉन व्होल्ट हे ऊर्जेचे एकक; वस्तुमानातली तफावत ऊर्जेच्या रूपात मोजता येत असल्यामुळे येथे तेच वापरतात.) याचा अर्थ, त्याच्यातला शेवटचा प्रोटॉन बांधलेला नाहीच. केवळ विद्युत प्रतिकर्षणाची भिंत आड येत असल्यामुळे तो चटकन बाहेर पडू शकत नाही. मात्र त्या आकड्यातली अनिश्चितता ८५ हजार होती. ट्रकच्या भाषेत सांगायचे तर पंधरा ग्रॅम कापूस आणि काट्याची चूक चौदा ग्रॅम. त्यानंतर त्याच कड्यात सुधारलेल्या पद्धतीने जर्मेनियम-६३, आर्सेनिक-६४ व ६५ आणि सेलेनियम-६६ व ६७ यांची वस्तुमाने अधिक काटेकोरपणे मोजण्यात आली, आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही नवी वस्तुमाने भडक्याच्या गणितात घातल्यावर जर्मेनियम-६४ पाशी वाटचाल पूर्वी समजले जात होते त्यापेक्षा अधिक रेंगाळते असे दिसले. जीएस १८२६-२४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि अत्यंत नियमितपणे भडकणाऱ्या ताऱ्याच्या निरीक्षणांशी हे गणित जुळवायचे, तर तो तारा आजवर मानला त्यापेक्षा सुमारे साडेसहा टक्के अधिक दूर असला पाहिजे, असे संशोधकांनी सुचवले आहे. प्रयोगशाळेत क्षणभर टिकलेल्या केंद्रकावरून ताऱ्याचे अंतर दुरुस्त करायला सुचवता येते, हे आपल्या 'हाती काय लागते' या प्रश्नाचे माझे उत्तर आहे.

आता मोजण्याविषयी. केंद्रकाला काट्यावर ठेवत नाहीत; त्याला गोल फिरवतात आणि एका फेरीला किती वेळ लागला ते पाहतात. लान्झोउच्या कड्याचा घेर १२८.८ मीटर आहे. तेथे क्रिप्टॉन-७८ चा वेगवान झोत बेरिलियमच्या लक्ष्यावर आदळवतात, त्यातून उडालेल्या तुकड्यांपैकी हवे तेवढे निवडून कड्यात सोडतात, आणि चुंबके त्यांना वळवत ठेवतात. एक फेरी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात पुरी होते. त्यामुळे ज्याचे आयुष्य आपल्याला डोळ्याची पापणी लवण्याएवढे वाटते, ते केंद्रक मोडण्याआधी लाखभर फेऱ्या मारू शकते. मोजणीला त्यातल्या काही शे पुरतात. अशा कड्यात आर्सेनिक-६५ अल्पायुषी नाही, चांगले दीर्घायुषी म्हणावे लागेल.

प्रश्न : त्याच वार्तेविषयी विचारायचे आहे. चुंबकीय क्षेत्रात जड केंद्रक मोठ्या वर्तुळात फिरते हे आम्ही शिकलो आहोत, पण वेगवान केंद्रकही मोठ्या वर्तुळातच फिरते. मग फेरीचा वेळ निराळा आला तर तो वस्तुमानामुळे की वेगामुळे, हे कसे ओळखतात?
– बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : या विषयाची खरी अडचण आपण बरोबर पकडली आहे. लक्ष्यावर आदळून निघालेल्या तुकड्यांचे वेग एकसारखे नसतात, आणि हा वेगातला विस्कळीतपणा जसाच्या तसा राहिला तर वस्तुमानातला बारीक फरक त्यात बुडून जातो. त्यावर दोन वाटा शोधल्या गेल्या.

पहिली वाट म्हणजे वेग एकसारखेच करून टाकणे. जर्मनीत डार्मश्टाट येथील जीएसआय प्रयोगशाळेत १९९० पासून ईएसआर नावाचे १०८ मीटर घेराचे साठवण-कडे आहे. त्याच्या एका सरळ भागात केंद्रकांच्या झोताबरोबर, त्याच वेगाने जाणारा इलेक्ट्रॉनांचा झोत सोडतात. इलेक्ट्रॉन सगळे जवळजवळ एकाच वेगाचे असतात. जी केंद्रके पुढे धावतात ती इलेक्ट्रॉनांशी टकरा होऊन मंदावतात, जी मागे पडतात ती ओढली जातात. पुन्हा पुन्हा त्या भागातून गेल्यावर साऱ्यांचे वेग जवळजवळ एक होतात. तापलेले भांडे वाहत्या पाटात ठेवल्यावर नवे गार पाणी येत राहून त्याची उष्णता काढून नेते, तसेच हे असल्यामुळे याला इलेक्ट्रॉन-शीतन म्हणतात. ही कल्पना सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ गेर्श बुडकर यांनी १९६० च्या दशकात मांडली आणि १९७४ मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे ती करून दाखवण्यात आली. वेग एकच झाला की फेऱ्यांची वारंवारता केवळ वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या गुणोत्तरावर ठरते. केंद्रक धातूच्या पट्ट्यांजवळून जाताना त्यांत अत्यंत क्षीण विद्युत संकेत उमटवते. सेकंदाला सुमारे वीस लाख वेळा उमटणाऱ्या त्या संकेताचे विश्लेषण केले की वारंवारतेच्या आलेखात त्या केंद्रकाचे शिखर दिसते. एकच केंद्रक फिरत असले तरी दिसते. वॉल्टर शॉट्की यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. तिची अडचण एवढीच की, शीतनाला काही सेकंद लागतात, आणि आर्सेनिक-६५ सारखे केंद्रक तेवढा वेळ देत नाही.

दुसरी वाट अशा केंद्रकांसाठी आहे आणि ती समजावून सांगताना मला आमच्या शिवारातले खळे आठवते. थ्रेशर येण्यापूर्वी ज्वारीची मळणी बैलांच्या पातीने होत असे. मधोमध तिवडा, त्याला बांधलेली बैलांची रांग, आणि रांग गोल फिरते आहे. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी वळल्यासारखा सावकाश चालतो, रांगेच्या टोकाचा बैल मात्र मोठा फेरा घेत झपाझप चालतो. तरी दोघांची फेरी एकाच वेळी पुरी होते, कारण ज्याचा वेग अधिक त्याची वाटही तेवढीच लांब असते. साठवण-कड्यातली चुंबके अशा रीतीने जुळवता येतात की एकाच जातीच्या केंद्रकांपैकी जे वेगवान ते नेमक्या तितक्याच लांब वाटेने जाते आणि मंद ते आखूड वाटेने. मग वेग काहीही असो, त्या जातीच्या प्रत्येक केंद्रकाला फेरीला सारखाच वेळ लागतो, आणि वेळेत फरक पडला तर तो वस्तुमानामुळेच. याला समकालिक पद्धत म्हणतात. बैलांची पात दोराने बांधलेली असते. येथे दोराचे काम चुंबकीय क्षेत्राची रचना करते, आणि ती जुळवणे फार कष्टाचे आहे.

या पद्धतीत वेळ टिपण्यासाठी केंद्रकांच्या वाटेत कार्बनचा अत्यंत पातळ पापुद्रा ताणून ठेवतात. केंद्रक त्यातून आरपार जाताना काही इलेक्ट्रॉन उडवते, ते बाजूच्या शोधकाकडे वळवले जातात, आणि फेरी टिपली जाते. प्रत्येक वेळी केंद्रक किंचित ऊर्जा गमावते, म्हणूनच फेऱ्यांची संख्या काही शेच्या पुढे फारशी नेता येत नाही.

आता थोडी अवघड गोष्ट. चुंबकांची ही जुळवणी वस्तुमान-भार गुणोत्तराच्या एका अरुंद पट्ट्यातच नीट बसते. पट्ट्याबाहेरच्या जातींसाठी पात तुटल्यासारखी होते. वेगवान आणि मंद केंद्रकांच्या वेळा पुन्हा वेगळ्या पडू लागतात. लान्झोउच्या संशोधकांनी यावर उपाय म्हणून कड्याच्या सरळ भागात एकमेकांपासून १८ मीटरवर दोन शोधक बसवले. त्यामुळे प्रत्येक केंद्रकाचा वेगही स्वतंत्रपणे कळतो आणि उरलेली चूक हिशेबातून काढून टाकता येते. वर २०२३ सालच्या ज्या निकालांचा उल्लेख केला, त्यांच्या काटेकोरपणाचे श्रेय याच सुधारणेला आहे. जपानमधील रिकेन संस्थेच्या सुमारे ६० मीटर घेराच्या कड्याची रीत आणखी निराळी आहे : तेथे केंद्रके एकेकटी आत घेतात. वाटेत येणारे केंद्रक स्वतःच्या येण्याची वर्दी आधी देते, त्या वर्दीवरच आत घेणारे चुंबक चालू होते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत मोजणी आटोपते.

एक गोष्ट राहिली. फेरीच्या वेळेवरून थेट वस्तुमान सांगायचे, तर कड्याचा घेर आणि चुंबकीय क्षेत्र अशक्य वाटावे इतके अचूक ठाऊक हवे. म्हणून तसे करत नाहीत. ज्यांची वस्तुमाने आधीच नीट ठाऊक आहेत अशी केंद्रकेही त्याच वेळी त्याच कड्यात फिरत असतात; त्यांच्या वेळांवरून माप बसवून घेतात आणि मग अज्ञात केंद्रकाची जागा वाचतात. बाजारातला काटा प्रमाणित वजनांनी तपासून घ्यावा, तसेच.

प्रश्न : कड्यात फिरणाऱ्या केंद्रकाभोवतीचे इलेक्ट्रॉन काढून टाकलेले असतात, पण तक्त्यांत वस्तुमान दिलेले असते ते पूर्ण अणूचे. हा फरक कसा भरून काढतात? आणि इलेक्ट्रॉन काढल्याने केंद्रकावर काही परिणाम होत नाही का?
– एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक, ता. वणी, जि. यवतमाळ

उत्तर : पहिला भाग सोपा आहे. काढलेल्या इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान मिळवायचे आणि त्यांना अणूत बांधून ठेवणारी ऊर्जा वजा करायची. हे दोन्ही आकडे पुरेसे अचूक ठाऊक आहेत.

दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र चकित करणारे आहे, आणि ते साठवण-कड्यांमुळेच मिळाले. डिस्प्रोसियम-१६३ हे स्थिर आहे. ते होल्मियम-१६३ मध्ये बदलू शकत नाही, कारण होल्मियमचा अणू त्याच्यापेक्षा सुमारे २,९०० इलेक्ट्रॉन व्होल्टने जड आहे. पण त्याचे सगळे ६६ इलेक्ट्रॉन काढून टाकले, की न्यूट्रॉनाचा प्रोटॉन होताना केंद्रकातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनाला सर्वांत आतली रिकामी कक्षा मिळते. तेथे बसताना सुटणारी ऊर्जा ती छोटी तूट सहज भरून काढते. ईएसआर कड्यात १९९२ मध्ये हे प्रत्यक्ष पाहण्यात आले : स्थिर मानलेले डिस्प्रोसियम सुमारे ४७ दिवसांच्या अर्धायुष्याने बदलू लागले. रेनियम-१८७ ची गोष्ट याहून थोर आहे. त्याच्या पूर्ण अणूचे अर्धायुष्य सुमारे ४२ अब्ज वर्षे, तर इलेक्ट्रॉन काढलेल्या केंद्रकाचे सुमारे ३३ वर्षे. जेथे उष्णतेने अणूंचे इलेक्ट्रॉन गळून पडलेले असतात अशा ताऱ्यांच्या पोटात या धातूच्या आधाराने काळ मोजायचा, तर हा फरक नजरेआड करून चालत नाही.

प्रश्न : भारतात असे कडे आहे का?
– एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती

उत्तर : साठवण-कडी आहेत, आणि आपल्या मेळघाटापासून फार दूर नाहीत. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन आहेत. इंडस-२ चा घेर सुमारे १७२ मीटर आहे. पण त्यांत इलेक्ट्रॉन फिरतात आणि त्यांच्यापासून मिळणारा प्रखर प्रकाश अभ्यासासाठी वापरतात. केंद्रकांची वस्तुमाने तेथे मोजत नाहीत. डार्मश्टाटजवळ उभ्या राहत असलेल्या, अणुकेंद्रकांच्या संशोधनासाठीच्या फेअर या नव्या प्रकल्पाच्या २०१० सालच्या करारावर मात्र भारताची सही आहे. शिवाय २०१५ मध्ये सोडलेला आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह वर सांगितलेल्या क्ष-किरण भडक्यांचे निरीक्षण करतो. अशी निरीक्षणे वाचायची तर कड्यांतून आलेली वस्तुमाने लागतातच.

प्रश्न : आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. यातले काही मुलांना करून दाखवता येईल का?
– एक शिक्षिका, ता. कोरपना, जि. चंद्रपूर

उत्तर : येईल. एक मीटर लांबीच्या दोऱ्याला लहानसा, जड गोटा बांधून तो पक्क्या खिळ्याला टांगा. बाजूला थोडासा ओढून सोडा आणि मोबाईलच्या घड्याळावर एका झोक्याचा (एकदा जाऊन परत येण्याचा) वेळ मुलांना मोजू द्या. प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल, कारण बोट दाबण्यातच सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागाची चूक होते. मग सलग पन्नास झोके मोजून पन्नासाने भागायला सांगा. चूक तेवढीच, पण ती पन्नास झोक्यांत वाटली गेल्यामुळे साऱ्या वर्गाची उत्तरे दोन सेकंदांच्या अगदी जवळ येतील. कड्यात शेकडो फेऱ्या मोजतात त्यामागे हेच कारण आहे.

त्यानंतर गोटा थोडा कमी, थोडा जास्त ओढून पाहा. जास्त ओढलेला गोटा वेगाने जातो, पण त्याची वाट लांब असते, आणि वेळ बदलत नाही; समकालिक पद्धत ती हीच. शेवटी तो उभ्या रेषेपासून साठ अंशांपर्यंत ओढा आणि फक्त दहा झोके मोजा, कारण झोका लवकर लहान होत जातो. या वेळी दहा झोक्यांना सेकंदाहून अधिक वेळ जास्त लागलेला दिसेल. दर्यापूरच्या विद्यार्थिनीला सांगितलेली अरुंद पट्ट्याची अडचण मुलांना येथे आपल्या हाताने सापडेल. खिळा हलता राहिला तर हा फरक नीट उतरणार नाही. म्हणून खिळा आधी पक्का ठोकून घ्या.